मुंडेलपाडीत कुणालाच न दिसलेला नाग

सेसप्पा गौडाला जवळचं दिसत नसे आणि लांबचंही दिसत नसे. मधलं तेवढं धुरकट दिसे. चाळीस वर्षं तो सुपारीच्या झाडांवर चढून घडांवर मोरचुदाची फवारणी करत आला. निम्मं मोरचूद घडांवर गेलं, निम्मं त्याच्या डोळ्यांत. वाटेत तो आणि गाय समोरासमोर आले, तर मुंडेलपाडीचे लोक गाईला बाजूला व्हायला सांगत.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही म्हणून त्याच्या आईने नागबनातल्या दगडी नागाला नवस केला होता, आणि त्या नवसाने हा झाला. शेषाचा म्हणून सेसप्पा. म्हणजे दगड पावणारा होता, यात शंका नव्हती. पण त्याच दगडावर सेसप्पाने आणि त्याच्या बायकोने, अप्पीने, एक्केचाळीस वर्षं दूध ओतलं, शहाळी फोडली, हळद फासली, सुपारीच्या फुलांचे तुरे वाहिले. दगड पिवळाधमक झाला. अप्पीची कूस तशीच राहिली. गावातल्या डोहाळजेवणांना तिला बोलावणं येईनासं झालं. मग सेसप्पाने बनाची वाट सोडली. आईशी ज्याची एवढी ओळख होती त्याने आपल्याकडे ढुंकूनही पाहू नये, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

तर त्या वैशाखात एके सकाळी डेअरीसमोरच्या वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, एक नाग मरून पडला होता. कशाने मेला हे सांगायला तो आधी कुणालातरी दिसायला हवा होता, आणि नेमकी तिथेच गाडी अडली होती. आमच्याकडे मेलेला नाग जो पहिल्यांदा पाहील, त्याने त्याचं माणसासारखं सगळं करायचं. तोंडात सोनं घालून, कोऱ्या कापडात गुंडाळून, चंदन-तुपात दहन करायचं आणि पुढे दहा दिवस सुतक पाळायचं. सुतक असलं की मांडवात पाऊल टाकायचं नाही, आणि वैशाखात मुंडेलपाडीतल्या दर तिसऱ्या घरापुढे मांडव होता. मग कोण बघतोय?

डेअरीत दूध घालायला आलेली माणसं नारळाच्या शेंड्यांकडे पाहत त्या जागेवरून गेली. मास्तरांना मागे काहीतरी विसरल्याचं आठवलं आणि ते उलटे चालत, पाठ पुढे करून, वळण पार करून गेले. डेअरीवाल्या जलजक्काची धाकटी मुलगी रविवारी बोहल्यावर चढायची होती. जलजक्काने दुधाची मापं घेताना छत्रीच तोंडापुढे धरली. साडेआठची बस आली आणि वळणाअलीकडे थांबली.

"का थांबवली रे?" आतून कुणीतरी ओरडलं.

"चाक बसलंय," ड्रायव्हर म्हणाला. चारी चाकं टुमटुमीत होती. ड्रायव्हरही इथलाच, त्याच्या मेव्हण्याचं शुक्रवारी लग्न. प्रवासी मुकाट्याने उतरले आणि आभाळाकडे बघत चालू लागले.

दहा वाजले, ऊन चढलं. नागावरून बस जाणार नव्हती, आणि नाग आहे असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. अखेर जलजक्कालाच सुचलं. सेसप्पाच्या घरी ना लग्न, ना मुंज, ना बारसं. त्याला सुतक आलं काय, गेलं काय, कुणाचं काय बिघडणार होतं? खोट एवढीच होती की त्याला दिसत नव्हतं.

"सेसप्पण्णा, जरा डेअरीपर्यंत या," मास्तर त्याला हाताला धरून घेऊन आले. वळणावर त्यांनी त्याला थांबवलं आणि स्वतः डोळे मिटून घेतले. "खाली बघा. काय दिसतंय?"

"रस्ता."

"रस्त्यावर?"

"खड्डे. पंचायतीने बुजवले नाहीत अजून."

"खड्ड्याशेजारी, अहो मारायरे!" छत्रीआडून जलजक्का ओरडली. "काळं काहीतरी!"

"टायरचा तुकडा असेल."

"वाकून बघा की."

"तुम्हीच बघा. तुमचे डोळे धड आहेत."

"आम्हाला काही दिसत नाही," दहाबारा जणांनी एकदम सांगितलं.

खरं म्हणजे सेसप्पाने तो सहा वाजताच पाहिला होता. चहासाठी दूध आणायला आला तेव्हा बरोबर मधल्या धुरकट अंतरावर फणा पसरलेला, त्यावरचा आकडा उताणा. पाहिला, आणि तसाच पुढे गेला. एक्केचाळीस वर्षं तू मला पाहिलं नाहीस, आता मीही तुला पाहत नाही, असं तो मनात म्हणाला होता. दूध घेऊन घरी आला, पण चहाचा पेला तसाच ठेवून दिला. आता एवढा गाव आग्रहाला लागल्यावर तर तो जास्तच हट्टाला पेटला.

"टायर आहे," तो म्हणाला. "मी जातो. घरी भाताची गंजी निवतेय."

तेवढ्यात अप्पी आली. गंजी निवत होती म्हणून त्याला शोधायलाच निघाली होती. तिने गर्दी पाहिली, डोळे मिटलेले मास्तर पाहिले आणि मग सगळे जिथे पाहत नव्हते तिथे तिने पाहिलं. कुणी काही सांगण्याआधी ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि आपली छत्री त्या नागावर धरली.

"सकाळपासून उन्हात पडलंय लेकरू," ती म्हणाली. "कुणालाच कसं दिसलं नाही?"

सेसप्पाचा हट्ट तिथल्या तिथे संपला. तिच्या डोक्यावर ऊन होतं आणि छत्री नागावर. त्याला एकाएकी फार लाज वाटली.

"मला दिसला," तो म्हणाला. "सकाळी सहाला. पहिला मीच."

झालं! सगळ्या गावाला एकदम दृष्टी आली. "अरेरे, केवढा हा नाग!" मास्तरांनी डोळे उघडले. बसचं चाक आपोआप फुगलं.

संध्याकाळी बनाच्या कडेला सरण रचलं. अप्पीने नथीतला सोन्याचा मणी काढून नागाच्या तोंडात ठेवला. पद्मनाभ भटांनी दर्भ हातात घेतला आणि विचारलं, "नातं काय म्हणू?"

"नेहमी काय म्हणता?"

"करणारा मुलगा होतो. बापाचं करतात तसं करायचं."

सेसप्पाने थोडा विचार केला. "बापाला मी केव्हाच पोचवलाय भटरे. आता दुसरा बाप कुठून आणू? मुलगा म्हणा."

"कुणाचा?"

"आमचा."

"अहो, बापाने मुलाचं करायचं म्हणजे..." भट घोटाळले. पोथीत असं काही नव्हतं.

"करावं लागतं कधीकधी," सेसप्पा म्हणाला. भटांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पोथी मिटली आणि तसा संकल्प सांगितला. सेसप्पाने अग्नी दिला. धूर डोळ्यांत गेल्यावर आधीच धुरकट होतं तेही दिसेनासं झालं.

सुतक म्हटल्यावर भेटायला जावं लागतं. मांडववाली मंडळी लग्नं उरकून, नवव्या दिवशी एकेक करून आली आणि ओटीवर बसली. मेलेल्या नागाबद्दल काय बोलतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून माणसाबद्दल बोलतात तेच बोलत राहिली. फार वाईट झालं, म्हणाली. देवाची इच्छा, म्हणाली. आपल्या थोरल्या लेकीच्या डोहाळजेवणात अप्पीची सावलीही नको म्हणणारी जलजक्का सगळ्यांत शेवटी आली. तिने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली. मग सवयीने तिच्या तोंडून गेलं, "किती वर्षांचा होता गं?"

"एक्केचाळीस," अप्पी म्हणाली.

आत माजघरात सेसप्पा भिंतीला टेकून बसला होता. तो ऐकू लागला.

जलजक्का नुकतीच धाकट्या लेकीची पाठवणी करून आलेली. तिने मान हलवली आणि विचारलं, "लग्न झालं होतं?"

"बघत होतो," अप्पी म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.