समुद्राकडची रांग

माझी आत्या आमच्या चर्चची घंटा वाजवायची. आधी ते काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेला, आणि त्याच्या दफनाच्या दिवशी दोराला हात लावायला कोणी पुढं येईना, तेव्हा तिनंच बाह्या सरसावल्या. दोर मग तिच्याच हातात राहिला. पाळक आले नि गेले, बिशप बदलले, पण रविवारी सगळ्यांना उठवायचं काम आत्याचं. "आत्या रुसली तर रविवार उजाडायचा नाही," अशी लोक थट्टा करत. त्यावर ती अशी बघायची, जणू एकदा खरंच रुसून बघावं.

चर्च कड्यावर होतं. अँग्लिकन पंथाच्या मंडळींनी ते बांधलं तेव्हा समुद्र लांब होता. मधे शेत होतं, रस्ता होता, पाळकांचं जुनं घर होतं. वादळातून वाचलेल्या खलाशांनी घंटेच्या बुरुजासाठी दगड वाहिले होते म्हणे, आणि होड्या अजूनही त्याच बुरुजाच्या रोखानं बंदरात शिरायच्या. आजीच्या लहानपणी शेत गेलं, आईच्या लहानपणी रस्ता. पाळकांचं घर गेलं ते मला आठवतं. सकाळी स्वयंपाकघराची भिंत होती, दुपारी तिथं नुसतं आभाळ. तरी उपासना संपली की आम्ही मागच्या खोलीत चहा प्यायचो, आणि गाणाऱ्या बायका कोणाचा सूर घसरला यावरून एकमेकींना टोमणे मारायच्या. समुद्राचं नाव कोणी काढत नसे.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि दफनभूमीची समुद्राकडची भिंत कोसळली. आता सगळ्यांत पुढं उरली ती लहान मुलांच्या कबरींची रांग. आत्याची मुलगी त्याच रांगेत होती. बाप्तिस्म्यानंतर थोड्याच दिवसांत ती तापानं गेली होती. तिची पेटी आत्याच्या दिरानं बनवली होती. तो सुतार, आणि चर्चचा कारभारही तोच बघायचा.

तपासणीला आलेल्या इंजिनिअरनं आधी घंटा बंद करायला सांगितली. बुरुजाला हादरे नकोत. आत्यानं दोर सोडवला, गुंडाळला आणि खुंटीला टांगला. पुढच्या रविवारी लोक आले, पण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे दबक्या पावलांनी.

पाळकांनी तिला बाजूला घेतलं. "आत्या, कबरी आतल्या माळावर हलवायला हव्यात. घरच्यांची संमती लागते."

"माझी नाही."

दीर तिथंच उभा होता. "वहिनी, ऐका जरा. जमीन खालून पोखरलीय."

"भावोजी, तुम्ही झाकण ठोकलंत तेव्हा मी तिला शेवटचं बघितलं. ते आता उघडायचं नाही."

"उघडणार कोण? पेटी आहे तशी उचलायची."

"इतक्या वर्षांनी पेटी आहे तशी असेल? माझ्या तोंडावर सांगा."

सुताराला लाकडाबद्दल खोटं बोलवेना. आत्या नाही म्हणाली म्हणून त्या रांगेतल्या बाकीच्या आयाही अडून बसल्या.

नंतरचे दिवस वाईट गेले. वेदीवरचं कापड झटकलं की बारीक माती पडायची. चर्चचा दरवाजा चौकटीत अडकू लागला. प्रार्थनेत सगळे शांत झाले की फरशीखालून धप्प, धप्प असा आवाज यायचा. समुद्रानं खाली कुठंतरी पोकळी केली होती. आत्याचे ओठ हलायचे, पण प्रार्थनेचे शब्द पुढं सरकत नसत.

एका रविवारी चहाच्या वेळी मासे विकणारी बाई आत आली. तिनं ओल्या फडक्यात बांधलेली वस्तू टेबलावर ठेवली. शवपेटीची पितळी कडी होती, अगदी लहान. कपबशांचा आवाज थांबला.

आत्यानं ती उचलली आणि दिरापुढं धरली. "तुमच्या हातची?"

"नाही. माझ्या आधीच्या सुताराची. जुनी आहे."

"वाळूत सापडली?" तिनं मासेवालीला विचारलं.

"हो बाई. आणि एकटीच नव्हती."

आत्यानं कडी मुठीत मिटून घेतली. ती म्हणाली, "भावोजी, उद्याच खणा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीच्या कबरी रिकाम्या झाल्या. आत्याच्या मुलीची अगदी टोकाला होती, आणि तिच्या अलीकडच्या गवतात भेग पडली होती. मजुरांनी फावडी खाली ठेवली. त्यांना दोष कसा द्यायचा? दिरानं आतून घंटेचा दोर आणला आणि कमरेला बांधला. दुसरं टोक आम्ही धरलं. बेकरीवाला, गाणाऱ्या बायका, पाळक, मी, आणि सगळ्यांच्या पुढं आत्या.

तो पोटावर सरपटत गेला आणि हातांनी माती उकरू लागला. "वहिनी, सापडली!" तो ओरडला. अंगातला कोट काढून त्यानं तो खड्ड्यात पसरला, काहीतरी गुंडाळलं, छातीशी धरलं. तेवढ्यात त्याच्याखालची जमीन आवाजही न करता गेली.

दोराला असा हिसका बसला की आत्याच्या तळहातांची साल निघाली, पण तिनं सोडला नाही. आम्ही ओढत राहिलो. तो वर आला तेव्हा त्याचा गुडघा खडकावर फुटला होता आणि दोन्ही हात कोटाभोवती घट्ट होते.

"झाकण उरलं नव्हतं," तो धापा टाकत म्हणाला. "मी बघितलं नाही, वहिनी. डोळे मिटून गुंडाळलं."

आत्यानं ते गाठोडं, तान्हं मूल पदरात घ्यावं तसं, उचललं आणि माळापर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही.

ती रांग लवकरच समुद्रात गेली. बिशपांनी चर्चला कुलूप लावलं. उपासना आता शाळेच्या हॉलमध्ये होते, घडीच्या खुर्च्यांवर. दिराला काठीशिवाय चालता येत नाही. रविवारी आत्या त्याच्याकडे जेवण घेऊन जाते, कधी मीही सोबत असते.

परवा तो खिडकीशी बसला होता. "भेग चर्चच्या पायरीला लागली," तो म्हणाला. "बुरूज कलला की मग तुमचं घर, वहिनी. मग माझं."

आत्यानं त्याला वाढलं, मला वाढलं, मग स्वतःचं ताट घेतलं.

"कुठं जायचं ते ठरवू," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."