शेजारी लावलेलं रक्त

"आडनाव काय तुमचं?"

सुईचं पाकीट माझ्या हातात. मुलीच्या दंडाला पट्टा बांधलेला. शीर बोटाखाली छान लागलेली. आणि तिची काकू माझ्या डोक्यावर उभी राहून आडनाव विचारतेय. मी सांगितलं. काकूंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दारातल्या मॅडमकडे बघून म्हणाल्या, "दुसरं कुणी नाही का हो तुमच्याकडे? नाही, आपलं विचारलं."

आपलं विचारलं! पुण्यात असंच विचारतात. आवाज चढत नाही, शिवी नाही, अहो-जाहो सुटत नाही.

मॅडम म्हणजे डॉक्टर, आमच्या लॅबच्या मालकीण. बुधवार पेठेच्या अलीकडेच त्यांची लॅब. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. त्या नुसत्या हसल्या. "तू आत हो, मशीन लाव," म्हणाल्या. माझ्या हातातली सुई डब्यात टाकली आणि दुसरी फोडली. पहिली पाकिटातून अजून निघालीही नव्हती.

मी आत गेले. मशीन लावलं.

त्या मुलीचं ऑपरेशन व्हायचं होतं. कुठे खरचटलं तरी तिचं रक्त लवकर थांबायचं नाही, म्हणून सर्जननं ही टेस्ट सांगितलेली. डेंग्यूत प्लेटलेट्स मोजतात, तसं हे नाही. त्या पुरेशा असूनही एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात का, ते बघायचं. हे रक्त भारी नाजूक. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, जोरात हलवायचं नाही, काही तासांत उरकायचं. शिवाय शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त लावावं लागतं. मशीन दोघांच्या रेघा काढतं, त्या ताडून बघायच्या, तेव्हा आजाऱ्याचं काय ते कळतं.

आमच्याकडे ते धडधाकट माणूस म्हणजे मी. दर वेळी मीच. मॅडमना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. रिसेप्शनवरच्या ताई गुडघ्यासाठी गोळ्या खातात. दुखण्यावरच्या तसल्या गोळ्या पोटात गेल्या की ते रक्त चालत नाही. म्हणून मला ताकीद होती, "तू काही घेऊ नकोस हं." पाळीत पोटात पिळे पडायचे. मांजरी गावाहून बसमध्ये उभ्यानं यायचे, ओठ चावत, पण गोळी नाही. आणि मला त्याचा अभिमान वाटायचा! आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मॅडम मुलीच्या ट्यूबा घेऊन आत आल्या. रॅकमध्ये ठेवल्या. माझ्यासाठी सुई काढली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "चल, बाही वर कर."

माझा हात बाहीकडे गेलासुद्धा. सवय. मग तिथेच थांबला. माझा हात लागला तर बाटतं, आणि माझं रक्त शेजारी लावलेलं चालतं?

"मॅडम, कुणाचं रक्त लावणार ते त्यांना सांगा. मग घ्या."

"अगं, पोरीचं ऑपरेशन अडलंय. ही वेळ आहे का तमाशा करायची?"

पोरीचं नाव काढलं की मी वाकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाकलेच असते. त्या पोरीनं माझं काय वाईट केलं होतं? घरात कमावती मी एकटी, आईची औषधं माझ्या पगारावर. तरी बाहेर गेले.

"काकू, तुमच्या पुतणीच्या रक्ताशेजारी माझं रक्त लावायचंय. त्याशिवाय रिपोर्ट होत नाही. मी बौद्ध आहे. चालेल?"

काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्यामागून आलेल्या मॅडमना म्हणाल्या, "हे आम्हाला सांगायलाच हवं होतं का?"

"हवंच होतं," मी म्हणाले.

त्या उठल्या. "चल गं." मुलगी उठेना. हातावरचा कापूस दाबून माझ्याकडे बघत राहिली. काकूंनी मनगट धरून तिला लिफ्टकडे ओढत नेलं.

ट्यूबा रॅकमध्ये तशाच उभ्या. संध्याकाळपर्यंत ते रक्त वाया गेलं. मीच ते फेकलं. मॅडम म्हणाल्या, "उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी माग. नाहीतर येऊ नकोस."

घरी आई म्हणाली, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? आता खायचं काय?" मी तिच्या औषधाच्या गोळ्या मोजायला बसले. ती पोर डोळ्यांपुढून हलत नाही. तिचं ऑपरेशन झालं की नाही, मला कोण सांगणार? तिचा जीव टांगणीला लागला आणि त्यात माझाही हात आहे, हे मला ठाऊक आहे.

माफी मागायला मी गेले नाही. जाणार नाही. या महिन्यात पोट दुखलं तेव्हा गोळी घेतली.

आता दुसऱ्या लॅबमध्ये विचारायला जायचंय. तिथेही शेजारी लावायला कुणाचं तरी रक्त लागणारच. मी आधी आडनाव सांगीन, सगळ्यांदेखत. मग बाही वर करीन. आडनाव चालत नसेल, तर रक्त मिळणार नाही.