डावीकडून तिसरी

कन्याशाळेच्या शिक्षिकांचा एक पिवळा पडलेला फोटो मला ग्रंथालयाच्या जुन्या दप्तरात सापडला. मागे सगळ्यांची नावं ओळीनं लिहिलेली. फक्त डावीकडून तिसरीच्या जागी फोटोग्राफरनं वैतागून एकच शब्द लिहिला होता: ‘हलली’. त्या काळी फोटोसाठी श्वास रोखून बसावं लागे. बाकीच्या बसल्या. हिच्या चेहऱ्याचा नुसता फराटा उमटला.

मी तो फराटाच रंगवला, भिंतीएवढ्या कॅनव्हासवर, केशरी. मैत्रीण म्हणाली, “अगं, चेहरा तरी काढ!” नाही काढला. दप्तरात नाव राहतं ते स्वस्थ बसणाऱ्यांचं. पण त्या दगडी चेहऱ्यांत मला ही एकटीच जिवंत दिसत होती.

काल प्रदर्शनात एक म्हाताऱ्या बाई चित्रासमोर थबकल्या; शेजारी मी तो जुना फोटोही लावला होता. बोट उचलून त्यांनी तो फराटा हवेतच गिरवला आणि खळखळून हसल्या.

“ही आमची गोदूआत्या! पंगतीत बसली तरी मान भिरभिरायची. हिचा एकही धड फोटो नाही घरात.”

“मग ओळखलंत कशावरून?”

“त्यावरूनच की!”

चित्राखाली मी ‘हलली’ एवढंच लिहिलं होतं. तिथल्या तिथं पेन काढून त्याच्या आधी ‘गोदूबाई’ लिहिलं. ‘हलली’ मात्र खोडलं नाही.