घासलेली भांडी

गल्लीतल्या बायका तिला टाकेवाली म्हणायच्या. बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन, खुंटीला लटकलेले अर्धेमुर्धे झगे आणि मशीनखाली बटणांचा डबा घेऊन बसलेली तिची सहा वर्षांची चिमणी. पोरगी गोष्टीशिवाय घास गिळायची नाही. त्यामुळे पायाने मशीन आणि तोंडाने गोष्ट, दोन्ही एकदमच चालायचं.

गोष्टीतली राजकन्या रोज बदलायची, चेटकीण मात्र तीच. चालताना तिची डावी चप्पल फरपटायची. दाराशी आली की ती दोनदा खाकरायची. आणि मुलं शिजवायला म्हणून दुसऱ्याने घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची.

माप द्यायला आलेल्या बायका तोंड दाबून हसत. "काय गं, चेटकीण कामावरून यायची वेळ झाली ना?"

चेटकिणीच्या या सगळ्या लकबी टाकेवालीने नणंदेकडून उचलल्या होत्या. नणंद लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची, म्हणून पाय ओढत चालायची. घरी आली की भावजयीने घासलेली पातेली उजेडात धरून बघायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. तोंडातून एक शब्द नाही. ते न बोलणंच टाकेवालीला झोंबायचं. समोर बोलायची छाती नव्हती. मग गोष्टीत उट्टं काढायची.

एकदा चिमणीला ताप आला. नणंद रजा काढून घरी थांबली आणि टाकेवाली शिवलेले कपडे पोचवायला गेली. परत आली तर नणंद उंबऱ्यावर बसलेली. हातात रिकामा चमचा, अंगावर औषधाचे डाग. पोरगी मशीनखाली, कपाळावर टेंगूळ.

"औषध द्यायला गेले तर किंचाळत आत घुसली गं, डोकं आपटलं. म्हणते, तू भांड्यांत मुलं शिजवतेस. कुठून ऐकते ही असलं?"

कुठून ते टाकेवालीला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "शाळेतली पोरं सांगतात काहीबाही, ताई."

"असेल. माझा अवतारही तसलाच म्हणा," नणंद हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिची चाहूलच लागेना. चप्पल दाराबाहेर काढून ती अनवाणी यायची, खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबायची. भांड्यांना तर हातच लावेना. टाकेवालीने दुधाचं पातेलं उचललं, तर बुडाला आदल्या दिवशीची खरवड तशीच. टाकेवालीने स्वतःच घासलेलं पातेलं होतं ते.

संध्याकाळी चिमणीला भरवताना ती म्हणाली, "आज ना, चेटकीण चांगली होती."

"चेटकीण चांगली कशी असेल? मग गोष्टीत वाईट कोण?"

दारात नणंद उभी होती, चपला हातात. टाकेवालीने तिला पाहिलं. आता गप्प बसणं सोपं होतं.

"वाईट ती बाई," ती म्हणाली, "जी आत्याला चेटकीण करून तुला गोष्टी सांगत होती. शाळेतलं कुणी नव्हतं ते. मीच."

चिमणी आईकडे बघतच राहिली. नणंदेने चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि फरपटत, दोनदा मोठ्याने खाकरून, आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या बाईला म्हणावं, दुधाचं पातेलं आण इकडे."

टाकेवाली उठली. पातेलं उजेडात धरून तिने एकदा बूड पाहिलं, मग ते घेऊन आत गेली.