पाचोऱ्याला काय काम?

सांगू की नको, असं मनात दहा वेळा झालं. पण तुम्ही चहा पाजलाय, आणि आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत झालंच आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवून उपयोग काय? मी मूर्खपणा केला. साधासुधा नाही, पासधारक मूर्खपणा. महिन्याचा पास काढून!

झालं असं, की आमच्या घरासमोर नाना राहतात. चाळीसगावच्या एका कचेरीत कारकून होते. जळगाव-चाळीसगाव अपडाऊन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी इथल्याच कॉलेजात गणित शिकवलं. संभाव्यता हा माझा विषय, त्यातच डॉक्टरेट. घरातून निघालं की पाच मिनिटांत वर्गात.

आता मला सांगा, पाच मिनिटांच्या रस्त्यात कोणाशी मैत्री होणार? नानांच्या मुलीच्या लग्नात अख्खा डबा लोटला होता. डबा म्हणजे रेल्वेचा! वाढायला तेच, नवरदेवाचे बूट लपवायला तेच, मुलीला निरोप देताना ढसाढसा रडायलाही तेच. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला जे आले त्यातल्या निम्म्यांना वाटलं होतं, समोसे दुसऱ्या कार्यक्रमाचे आहेत.

मत्सर वाईट, हे मला कळतं. खूप पुस्तकं वाचलीत मी. पण कळून होतं काय?

त्यात ती नवी गाडी सुरू झाली. तिसरी लाईन पडली आणि मेमू सुसाट सुटली. पूर्वीची पॅसेंजर मधल्या माहेजी स्टेशनला बाजूला काढून ठेवायचे. एक्सप्रेस जायची, मालगाडी जायची, माणसं खाली उतरून पाय मोकळे करायची, तरी सिग्नल नाही. आता बसलं, जरा टेकलं, की पाचोरा!

जुन्या मंडळींनी नानांना मुद्दाम बोलावून या गाडीतून फिरवून आणलं. खिडकीत बसवलं, कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊ घातलं. परत आले ते नवरदेवासारखे. मी आमच्या घराच्या फाटकात उभा होतो. उगाचच.

"कशी आहे गाडी?" मी विचारलं.

"गाडीचं काय घेऊन बसलात डॉक्टर! माणसं बघा, माणसं!" नाना म्हणाले. मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहून, "तुम्ही कधी अपडाऊन केलं नाही. तुम्हाला ते नाही कळायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन पाचोऱ्याचा पास काढला.

"बाबा, रोज जाणार?" खिडकीतली मुलगी म्हणाली.

"रोज," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

घरी काय सांगायचं? बायकोला, कुसुमला, म्हणालो, कॉलेजच्या ग्रंथालयात बसून पुस्तक लिहिणार आहे. ती इतकी खूश झाली, की सकाळी उठून डबा करून द्यायला लागली. खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण डबा घेतला.

पहिल्या दिवशी ज्या जागेवर बसलो ती नेमकी भगवानभाऊंची निघाली. भगवानभाऊ म्हणजे त्या डब्यातले आताचे पुढारी, नानांचे चेले. चाळीसगावला बँकेत असतात. देह पहिलवानाचा, आवाज भोंग्याचा. मी दचकून उठलो. त्यांनी खांद्याला धरून परत बसवलं.

"बसा ना आठे! कुठे जाऊन राहिले बाबा?"

"पाचोरा."

"काय काम काढलं?"

झालं! हा प्रश्न येणार याची संभाव्यता मी काढलीच नव्हती. कोर्टाचं काम म्हणावं तर कोणता खटला ते विचारतील. दवाखाना म्हणावं तर आजार सांगावा लागेल. शाळा म्हणावं तर समोर नीताताई बसलेल्या, त्या पाचोऱ्याच्याच शाळेत शिक्षिका. मी खाली मान घातली आणि म्हणालो, "आहे एक. सांगण्यासारखं नाही."

सगळा डबा माझ्याकडे वळला. पत्ते पिसणारा हातसुद्धा थांबला.

तुम्हीच सांगा, यापेक्षा वाईट उत्तर कोणाला सुचलं असतं का? पण त्या दिवशी मला वाटलं, काय शिताफीनं सुटलो!

दुसऱ्या दिवसापासून माझी जागा राखलेली! रुमाल टाकून! भगवानभाऊ स्वतः उभे आणि मी खिडकीत. कोणी शेंगदाण्याची चटणी देतंय, कोणी केळी देतंय, कोणी म्हणतंय, "बाबा, वारं लागतंय का? काच लावू?" मी त्यांना नाणेफेकीची कोडी घातली. सगळे हसले. एवढे तर माझे विद्यार्थी पंचवीस वर्षांत हसले नव्हते. मला खात्रीच पटली, की माझ्या स्वभावात काहीतरी गोडवा होता आणि तो पाच मिनिटांच्या रस्त्यानं वाया घालवला.

"गाडी फास्ट केली भो," भगवानभाऊ कुरकुरायचे, "पण डाव अर्धाच राहून जातो. पहिले माहेजीला दोन डाव व्हायचे!"

मीही मान हलवायचो. जणू मी जन्मभर माहेजीला पत्ते खेळत आलोय.

पाचोऱ्याला उतरल्यावर मात्र करायचं काय? काही नाही. फलाटावरच्या बाकावर बसायचं, पेपर वाचायचा, डबा खायचा, परतीची गाडी धरायची. एका शनिवारी नीताताईंची शाळा लवकर सुटली आणि त्यांनी मला बाकावर जेवताना गाठलं.

"सर, इथे एकटे? घरी जाऊन नाही जेवत?"

"एवढ्यात घरी कसा जाऊ?" मी म्हणालो. खरंच होतं ते. ग्रंथालयातून इतक्या लवकर परतलो तर कुसुम विचारेल ना!

नीताताईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, त्यांना ऊन लागतंय.

मग गाडीत मुलाबाळांची चौकशी सुरू झाली. मुलगा सांभाळतो का? बोलतो का? मी सुस्कारा टाकला. "मुलगा चांगला आहे हो. पण माझ्याशी बोलायला त्याला वेळ कुठे?" आता कुठल्या बापाचं उत्तर वेगळं असेल? पण भगवानभाऊंनी दातओठ खाल्ले आणि नीताताईंनी माझ्या हातात स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी ठेवली. मी ती चवीनं खाल्ली.

रविवार उजाडला. बेल वाजली. दार उघडतो तर सगळा ग्रुप दारात!

काय सांगू मला काय वाटलं! माझ्या दारात! चपलांचा ढीग! आणि ढिगाच्या मागे कोण? नाना! घर दाखवायला त्यांनाच आणलं होतं; नानांच्या समोर राहतो, हे मीच गाडीत सांगून बसलो होतो. नाना बघताहेत, माझ्या घरी त्यांचा डबा आलाय! मी आतल्या बाजूला ओरडलो, "अगं, चहा टाक! माझी मंडळी आलीत!"

"चहा नको," भगवानभाऊ म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "तुम्हना पोरगा कोठे शे?"

आमचा मिलिंद हाफ चड्डीत, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. भगवानभाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बापले या वयमा कामले लावस? काही लाज शे का?"

मिलिंदच्या तोंडातून फेस आला. "कोणतं काम?"

"ते आम्हाला काय विचारता?" नीताताई कडाडल्या. "सांगण्यासारखंही नाही म्हणतात बिचारे! एवढे शिकलेले सर आणि रोज पाचोऱ्याच्या फलाटावर एकटे डबा खातात! घरी यायची चोरी! तुम्हाला दोन शब्द बोलायला वेळ नाही त्यांच्याशी!"

"बाबा, घाबरू नका," भगवानभाऊ माझ्याकडे वळले. "आम्ही बठ्ठा शेतस ना, सगळा डबा!"

कुसुम पदराला हात पुसत दारात आली. "पाचोऱ्याच्या फलाटावर? म्हणजे ग्रंथालयात नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चक्कर येऊन पडावं. पण नेमकी तीही येईना.

नानांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, पाचोऱ्याला काय काम असतं तुमचं?"

आणखी एक खोटं सांगायचा विचार आला होता, लपवत नाही. पण मिलिंदचं तोंड पाहिलं. फेसासकट तो रडायच्या बेतात होता.

"काही काम नसतं," मी म्हणालो. "मी… यांच्याबरोबर बसायला जातो."

"आमच्याबरोबर?" भगवानभाऊ.

"हो. मला मित्र नाहीत. नानांना आहेत."

मग नाना पुढे आले आणि माझा हात धरून म्हणाले, "अहो वेड्या माणसा, मला सांगायचं होतं. मीच नेलं असतं!"

बघा! इथेही मोठेपणा त्यांचाच!

मग जो हशा पिकला म्हणता! मिलिंद हसता हसता फेस गिळून बसला. भगवानभाऊंनी त्याला पाठीत असे प्रेमानं गुद्दे घातले, की आधीच्या शिव्या बऱ्या वाटाव्यात. कुसुम मात्र हसली नाही. तिनं मला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि नीताताईंना घेऊन आत गेली. दोघींचं माहेर फैजपूर निघालं. दुपारपर्यंत वांगी भाजली गेली, पुऱ्या तळल्या गेल्या, आणि भगवानभाऊ तिला "अक्का, अक्का" करत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसले. मी कोपऱ्यात नानांना पाणी देत होतो.

सोमवारी गाडीत चढलो. कीव संपली होती, तिच्याबरोबर खिडकीही. "सरका सर जरा," म्हणून मला आत लोटलं. नाणेफेकीचं कोडं घातलं तर एक जण म्हणाला, "हे झालं सर मागच्या आठवड्यात."

आणि त्यानंतर? कुसुमनं पास काढला. नीताताईंच्या शाळेत पापड शिकवायला जायचं म्हणे. आता रोज ती जाते, आणि आल्यावर तासभर सांगत बसते: कोणाच्या मुलीला स्थळ आलं, कोणाची बदली अडली, गाडी पाचोऱ्याला किती लवकर येते आणि गप्पा कशा अर्ध्यावर राहतात. मी ऐकतो. माझा पास संपला, पुन्हा काढायचा धीर झाला नाही.

परवा ती म्हणाली, "भगवानभाऊ तुमची चौकशी करत होते हं."

माझी छाती फुगली. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खरंच? काय म्हणाले?"

"म्हणाले, सर आज पण नाही ना आले? मग पाय पसरून बसा, अक्का."