दसऱ्याचं कुंकू

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाईंदर पूर्वेच्या टपरीवर तो रोज भेटायचा. तिथल्याच एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा. चहाचा ग्लाससुद्धा अंगठ्याने चोळून उजेडात धरायचा.

एका दिवाळीत त्याच्या शेठने कारखाना आफ्रिकेत हलवला. "इथून माल नेला तर तिकडे जबर कर लागतो. तिथेच बनवला तर लागत नाय," शेठचं कारण त्याने मला सांगितलं. आपलं पॉलिशचं मशीन त्यानेच खोलून पेटीत भरलं. मशीन बोटीने गेलं, तो बेकार झाला.

"मशीनवरचं दसऱ्याचं कुंकू मी पुसलं नाय. तिकडचे विचारतील, कोणी लावलं?"

"शेठ तुमचं नाव सांगेल की," मी म्हटलं.

"वीस वर्षं 'ए पॉलिश' म्हणून हाक मारली त्याने. नाव ठाऊक असेल तर ना!"

नाव मीही कधी विचारलं नव्हतं.