उलट्या कोटांचा नाताळ

त्याच्या सलूनची पाटी काय होती ते कुणालाच आठवत नसे. सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणत. दुसरीकडे दोन डोकी उरकायची तेवढ्या वेळात त्याचं अर्धं व्हायचं. हात जड होता म्हणून नव्हे, तर त्याला ऐकायचा नाद होता म्हणून. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याची कात्री हवेतच थांबायची आणि आरशात नुसती त्याची मान हलताना दिसायची.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात तर त्याची चंगळच असायची. घरोघरच्या तऱ्हा त्याला त्या खुर्चीतून कळायच्या. टपालखात्यातल्या कारकुनाकडे भेटवस्तूंवर नावं लिहीत नसत. ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. त्यामुळे आजोबांकडे एकदा केसांच्या पिना गेल्या होत्या आणि त्यांनी त्या परत द्यायला साफ नकार दिला होता. कोपऱ्यावरच्या परिचारिकेकडे दरवर्षी झाड कुठं उभं करायचं यावरून भांडण व्हायचं, आणि भांडण झाल्याशिवाय सण आल्यासारखं वाटत नाही असं तीच सांगायची. सावकाश हे सगळं असं ऐकायचा, जसं दुसऱ्याच्या ताटातलं पक्वान्न बघावं.

कारण त्याच्या स्वतःच्या गाठीला काहीच नव्हतं. तो अनाथाश्रमात वाढलेला. तिथला नाताळ म्हणजे लांबलचक टेबल, पाहुण्यांचं त्याहून लांबलचक भाषण आणि शेवटी मोज्यांचा एक जोड, तोही बहुधा मोठ्या मापाचा.

लग्न झालं ते नेमकं रीतीभातीच्या घरातल्या मुलीशी. तिच्या माहेरी चमचे कुठल्या फडक्यानं पुसायचे इथपासून प्रार्थनेनंतर आधी कुणी खोकायचं इथपर्यंत सगळं ठरलेलं. पहिला नाताळ तिच्या पद्धतीनं झाला. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, “यंदा तुमच्या पद्धतीनं करू. आश्रमात काहीतरी करत असालच ना?”

तिनं हे इतक्या मायेनं विचारलं की ‘मोजे मिळायचे’ असं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याच सकाळी खुर्चीत एक गाडी शिकवणारे मास्तर बसून गेले होते. आपल्या आजोबांपासून चालत आलेली एक पद्धत त्यांनी अगदी रंगवून सांगितली होती. सावकाशनं तीच उचलली.

“आम्ही ना,” तो म्हणाला, “जेवणाआधी कोट उलटे घालायचो. अस्तर बाहेर. मग मागच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा आणि पुढच्या दारावर टकटक करायची. सगळ्यात धाकटं कोण असेल ते आत थांबणार. ते विचारणार, ‘कोण?’ आपण सांगायचं, ‘पाहुणा.’ मग वर्षभरात केलेलं एखादं चांगलं काम सांगायचं. पटलं तर दार उघडणार.”

बायकोचे डोळे भरून आले. “आश्रमातली सगळी मुलं?”

“सगळी,” सावकाश म्हणाला. आता माघार कुठली!

पद्धत घराला अशी चिकटली की विचारू नका. दोन मुली झाल्या. धाकटी बोलायला लागल्यापासून दारामागे उभी राहू लागली. लहानपणी तिला काहीही पटायचं, पण मोठी झाल्यावर ती अशी उलटतपासणी घ्यायला लागली की शेजारी खिडकीत उभे राहून ऐकायचे.

थोरलीनं लग्न ठरवलं तेव्हा मुलाचे आईवडील चहाला आले. व्याही टकलाच्या वाटेवरचे, गोल, बोलके गृहस्थ. कुठंतरी पाहिलंय असं सावकाशला सारखं वाटत होतं, पण त्याला चेहरे कधीच लक्षात राहत नसत. बायकोनं तोवर आग्रहाचं आमंत्रण देऊनही टाकलं, “यंदाचा नाताळ आमच्याकडेच करायचा हं.” निघताना व्याही बुटाची नाडी बांधायला वाकले आणि सावकाशला त्यांच्या डोक्यावरचे दोन भोवरे दिसले, एक डावीकडे वळणारा, एक उजवीकडे. असं डोकं त्यानं आयुष्यात एकच कापलं होतं, त्या गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं. मग मास्तरांनी घर बदललं आणि ते पुन्हा कधी आलेच नव्हते.

ज्यांच्या आजोबांची पद्धत त्यानं आश्रमाच्या नावावर खपवली होती, तेच आता नाताळला जेवायला येणार होते!

“यंदा ते कोटाचं राहू दे,” त्यानं घरात सुचवून पाहिलं. “पाहुणे काय म्हणतील?”

“बाबा, तुमच्या बालपणीची एवढी एकच गोष्ट आमच्याकडे आहे,” थोरली म्हणाली. धाकटीनं नुसतं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं कात्र्या पुसायला घेतल्या.

नाताळच्या दुपारी बायकोनं सगळ्यांना कोट उलटे करायला सांगितले. मास्तरांच्या कोटाचं अस्तर जांभळं निघालं, तेही काखेत उसवलेलं. बाहेर बोचरा वारा होता. सावकाश त्यांच्याकडे चोरून बघत होता. हा माणूस आता म्हणणार, ‘अरे, हे तर आमचं!’ पण मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते काही केल्या त्याच्याकडे बघत नव्हते. तेवढ्यात विहीणबाईंनी नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, “अहो, हे काय नवीनच? असलं कधी ऐकलं नव्हतं बाई!”

सावकाशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजोबांपासूनची पद्धत, आणि बायकोला पत्ताच नाही?

एकेक जण आत गेला. विहीणबाईंनी वरच्या मजल्यावरच्या आजींची मांजर सांभाळली होती, ते लगेच पटलं. सावकाशनं एका नवरदेवाचे केस फुकट कापले होते, तोही आत आला आणि दाराजवळच उभा राहिला. बाहेर उरले मास्तर.

“कोण?” धाकटीनं विचारलं.

“पाहुणा,” बाहेरून आवाज आला. “मी... मी यंदा कर वेळेवर भरला.”

“तो भरावाच लागतो. पुढे.”

“बायकोच्या भावाशी मी नीट बोललो.”

“केव्हा?” हे आतून विहीणबाईंनी विचारलं.

बाहेर बराच वेळ नुसते बूट आपटण्याचे आवाज. मग मास्तर कळवळून म्हणाले, “एक बाई आहेत. चार वर्षं माझ्याकडे गाडी शिकताहेत. ब्रेक समजून भलतंच दाबतात. पैसे देतात, तरी मी त्यांना परीक्षेला पाठवत नाही. साऱ्या गावाचा जीव वाचवलाय हो मी!”

धाकटीनं क्षणभर विचार केला आणि कडी काढली.

जेवणं झाल्यावर दोघे व्याही ताटं पुसायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरले. मास्तरांनी दार लोटलं. “तुम्ही माझी पद्धत चोरलीत.”

“तुमची? तुमच्या मिसेसना तर माहीतच नाही.”

मास्तरांनी एक ताट दोनदा पुसलं. “आमच्याकडे नाताळला आम्ही जेवतो. मग बायकोचा भाऊ कोचावर झोपतो. संपलं. हे काय सांगण्यासारखं आहे? आणि तुम्ही इतके सावकाश कापता, माणसानं खुर्चीत बसून बोलायचं तरी काय! सुचेल ते सांगत सुटलो.”

“म्हणजे आजोबा...?”

“आजोबांना थंडी सोसायचीच नाही. ते कशाला बाहेर पडतात!”

दोघांना एकदम असं हसू फुटलं की टेबलावरचे चमचे खाली पडले. “काय झालं?” म्हणून विहीणबाई आत डोकावल्या. त्यांचा कोट अजून उलटाच होता. “मी काय म्हणते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आपल्याकडे काही म्हणजे काहीच पद्धत नाही. पुढच्या वर्षीपासून आपणही हेच करायचं. माझ्या भावालाही बाहेर उभा करू.”

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं.

तेव्हापासून ते दर महिन्याला गाव ओलांडून सावकाशकडे केस कापायला येऊ लागले. कापण्याजोगं फारसं उरलं नव्हतं, पण बोलायला दुसरं माणूस कुठलं? “एखादं सत्कृत्य सुचवा हो,” ते आरशातून गयावया करायचे. “यंदा आमच्याकडे दारामागे सूनबाई असणार. बहिणीपेक्षा कडक आहे.”

“माझ्या बायकोला गाडी शिकवा, फुकट,” सावकाश म्हणाला.

मास्तरांनी शिकवली. तिच्या माहेरच्या शिस्तीप्रमाणे ती गाडी सुरू करण्याआधी सगळे आरसे फडक्यानं पुसायची. पुढच्या नाताळला तीच सगळ्यांना घेऊन व्याह्यांकडे निघाली. सावकाश मागच्या सीटवर उलटा कोट घालून बसला होता आणि दर वळणावर म्हणत होता, “अगं, जरा भरभर चालव की!”